ओसाड म्हणू नका आणि गवत पेटवू नका

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात तुळजापूर रोडकडच्या टेकड्यांचा एक फोटो आला होता आणि त्याच्या खाली 'ओसाड डोंगर' असं लिहिलं होतं, ते वाचल्यापासून मनात घोळतंय म्हणून हे पत्र. फोटो काढणाऱ्याला मी दोष देत नाही, रोडवरून ते तसंच दिसतं. मी स्वतः पंचवीस वर्षं त्या रोडनं स्कूटरवर, एस्टीनं, कोजागिरीला चालत सुद्धा गेलोय आणि मला पण त्या टेकड्या म्हणजे नुसता दगड आणि वाळकं गवत एवढंच वाटायचं. आत शिरून बघितलं तेव्हा कळलं.

सोलापूरच्या माणसाला चालणं नवीन नाही, कोजागिरीला इथून हजारो लोक तुळजापूरला चालत जातात, पंचेचाळीस किलोमीटर, कितीतरी जण अनवाणी, लेकरंबाळं घेऊन, आणि शेवटचा घाट पण चढतात. ती आपली बालाघाटाचीच रांग. पण नवसाला घाट चढणं वेगळं आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी उठून एखादी टेकडी चढायला जाणं वेगळं, ते आपल्याकडं कुणी करत नाही. पोरं हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जातात आणि तिथून राजगड तोरणा करतात, माझा भाचा तेच करतो, पुण्यात शिकायला आहे आणि दर दोन महिन्यांनी कुठलातरी किल्ला करून फोटो टाकतो. कोजागिरीनंतर घरी आला होता तेव्हा म्हणाला, "मामा, आपल्याकडं डोंगरच नाहीत की ओ." मी म्हणलं रविवारी चल.

टेकडीचं नाव मी लिहिणार नाही. तुळजापूरकडं जाताना डाव्या उजव्या हाताला अशा खूप आहेत, त्यातलीच एक, पायथ्यापासून फार तर दीडशे मीटर असेल, तोरण्यापुढं काहीच नाही. वर एक छोटं देऊळ आहे आणि गावातून देवळापर्यंत पायवाट आहे, अर्ध्या पाऊण तासात माणूस वर जाऊन नारळ फोडून खाली येतो. नाव लिहिलं की पुढच्या रविवारी तिथं गाड्यांची रांग लागणार आणि वर स्पीकर वाजणार, म्हणून नाही लिहीत, राग मानू नका.

एक गोष्ट आधी सांगायला पाहिजे, सह्याद्रीत जायचा सीझन जुलै ऑगस्ट कारण तिकडं पाऊस तेव्हा असतो, आपल्याकडं मात्र खरा पाऊस सप्टेंबरात पडतो. त्यामुळं जूनमधे लोक हिरवळ बघायला बाहेर पडतात तेव्हा आपली टेकडी तहानलेलीच असते आणि दसरा झाला की तिचे दिवस येतात. शरद म्हणजे आश्विन कार्तिक. दुपारी ऑक्टोबर हीट असते हे खरं आहे पण सकाळी सहा ते दहा हवा अशी असते की घाम पण येत नाही, आकाश धुतल्यासारखं आणि लांबचं सगळं स्पष्ट दिसतं.

आम्ही कडक भाकरी, शेंगाची चटणी, दोन कांदे आणि माणशी तीन लिटर पाणी घेऊन निघालो. अर्ध्या वाटेत भाचा म्हणाला की ही वाट तर काहीच नाही, आणि मला पण वाटलं की नुसतं देवळापर्यंत जाऊन यायचं असेल तर एवढ्या लांब आलो कशाला, म्हणून आम्ही पायवाट सोडली आणि उजव्या अंगाला उतारावर गवतात शिरलो.

तिथून पुढं वेगळीच टेकडी सुरू झाली. गवत मांडीएवढं, आणि ते एकाच रंगाचं नव्हतं, खाली अजून हिरवं, मधे पिवळं आणि वरच्या अंगाला तांब्यासारखं लालसर. वारा आला की अख्खा उतार एका बाजूला झुकायचा आणि परत उठायचा. मधे मधे कुर्डूचे गुलाबी पांढरे तुरे, तरवडाची पिवळी फुलं, दगडाच्या आडोशाला सोनकी. पायाखालून दर पावलाला नाकतोडे उडत होते, एवढे की भाच्याच्या शर्टावर एका वेळी सात आठ बसले. आणि वरून एक राखाडी पक्षी पंख न हलवता गवताच्या अगदी जवळून तरंगत गेला. तो भोवत्या, हे मला नंतर एका पक्षी बघणाऱ्या मित्रानं सांगितलं. हे पक्षी मध्य आशियाकडून थंडीच्या आधी आपल्याकडं येतात, दिवसभर माळावर नाकतोडे, टोळ खातात आणि रात्री झाडावर बसत नाहीत, गवतातच जमिनीवर झोपतात. एवढ्या लांबून हजारो किलोमीटर उडून यायचं ते आपल्या या 'ओसाड' माळावरच्या गवतासाठी, हे ऐकल्यावर मला फार भारी वाटलं, खरंच सांगतो.

पुढं गेल्यावर कुसळं लागली. ज्यानं माळावर पाय ठेवलाय त्याला कुसळ सांगायला नको, सॉक्समधे, पँटीत, नाडीत, सगळीकडं. भाचा वैतागला. आम्ही एका खडकावर बसून कुसळं काढत होतो तेव्हा मला लहानपणी आजोबांनी दाखवलेलं आठवलं. एक पिकलेलं कुसळ घेतलं, त्याला खाली टोकदार बी असतं आणि मागं काळपट लांब शेपूट, पीळ दिलेल्या सुतासारखं. तळहातावर बाटलीतलं थोडं पाणी घेतलं आणि त्यात ते ठेवलं. दहा पंधरा सेकंद काही झालं नाही, मग शेपूट आपोआप फिरायला लागलं, हळूहळू, घड्याळाच्या काट्यासारखं, पीळ सुटत गेला आणि बी तळहातावर गोल गोल. दव पडलं की पीळ सुटतो आणि ऊन लागलं की परत पीळ पडतो, असं रोज होत होत ते बी ड्रिलमशीनसारखं जमिनीत शिरतं. पावसाळ्यापर्यंत ते आत जाऊन बसलेलं असतं. भाचा सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे, त्यानं चार पाच वेळा पाणी टाकून टाकून तेच बघितलं आणि व्हिडिओ काढला. डोळ्यातलं कुसळ ही म्हण आपण सगळे वापरतो पण कुसळ नीट बघितलेले किती असतील.

मग उतारावरून आडवं जाताना एक ओढा लागला, वरून अगदी बारीक धार अजून चालू होती. ओढ्याच्या पात्रात गारगोट्या, एका दगडाच्या पोटात तर काचेसारख्या टोकांची पोकळी, ऊन पडलं की आतून चमकणारी. आम्ही तो बघून परत तिथंच ठेवला. काठावर सीताफळाची झाडं होती आणि फळांचे डोळे उघडायला आले होते. बालाघाटात सीताफळ रानातच येतं, कुणी लावायला लागत नाही. एक पिकलेलं मिळालं ते दोघांनी खाल्लं, बाजारातल्यापेक्षा लहान होतं पण गोडी काय सांगू.

इथं आमचं चुकलं. आम्हाला वाटलं ओढा खाली गावाकडंच जाणार, मग ओढ्यानंच उतरू. बघायला सोपं वाटतं पण बालाघाटाचा खडक असा नसतो. हा सगळा लाव्ह्याचा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर साठलेला, म्हणून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. इंग्रजीत त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात ते पण पायऱ्या या अर्थाच्या शब्दावरूनच. माणूस पायरीच्या सपाट भागावरून मजेत चालत असतो आणि एकदम पायरी संपते. ओढा जिथं पायरी उतरतो तिथं धबधबा, आणि कोरडा असला तरी पंधरा वीस फुटांची सरळ पड. आमच्या दोन्ही बाजूला घाणेरीचं रान इतकं दाट होतं की मागं फिरायलाही वाट सापडेना, आणि खाली पड. मला कसं उतरायचं ते कळेना, भाचा म्हणाला मी उतरतो, त्याला मी नको म्हणलं. पाणी अर्धा अर्धा लिटर राहिलं होतं आणि अकरा वाजून गेले होते, ऊन चढलं होतं. मोबाईलला रेंज नव्हती. मला त्यावेळी खरंच भीती वाटली, बहिणीचं एकुलतं एक पोरगं आपण इथं आणलंय एवढंच डोक्यात.

तेवढ्यात वरच्या अंगाला मेंढरांचा आवाज आला. आम्ही हाका मारल्या. एक म्हातारे गृहस्थ खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी घेऊन कडेला आले आणि वरूनच म्हणाले, "आवो पावणं, तिकडं कुठं निघालाव? खाली पड हाय मोठी." मग त्यांनी आम्हाला घाणेरीतून शेरडांची एक वाट दाखवली, माणसाच्या डोळ्याला दिसणारच नाही अशी, अर्धं वाकून जायला लागतं, पण दहा मिनिटात आम्ही वर सपाटीला. त्यांनी सांगितलेलं एक वाक्य मी लक्षात ठेवलंय, म्हणाले, "वाट सोडायची तर मागं बघत चालावं, जातानाचा डोंगर येगळा आन् येतानाचा येगळा." तेव्हापासून मी दर दहा मिनिटांनी थांबून मागं वळून बघतो आणि एखादी खूण मनात ठेवतो, पाण्याची टाकी, एकटं लिंबाचं झाड, टॉवर, काहीतरी.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी अजून थोडं लिहितो कारण हे आम्ही चुकून शिकलोय. ओढ्यानं खाली उतरू नका, चुकलात तर वर सोंडेवर जा, वरून दिसतं. पूर्ण पँट आणि घोट्याच्या वर येणारे बूट. हातात काठी, आणि गवतात पाऊल टाकायच्या आधी काठी आपटायची, आपल्या माळावर घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत, दगडाच्या कपारीत तर हात घालायचाच नाही. चावलंच तर बांधाबांधी आणि मांत्रिक न करता १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. एकट्यानं जाऊ नका, घरी सांगून जा कुठं चाललाय ते. आणि ही वाट सोडून फिरायची मुभा गावच्या मोकळ्या टेकडीवर, ते पण गावातल्या माणसाला विचारून. येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य किंवा नान्नजचं माळढोक अभयारण्य इथं अजिबात नाही, तिथं वनखात्यानं दिलेल्या वाटेवरच राहायचं, तिथल्या प्राण्यांना आधीच जागा उरलेली नाही. नान्नजचं अभयारण्य १९७९ चं, माळढोक पक्ष्यासाठी केलेलं, आणि आज तिथं माळढोक दिसणं नशिबाची गोष्ट झालीये.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते.

त्या म्हाताऱ्या मामांबरोबर आम्ही वर देवळाच्या सावलीत बसून भाकरी खाल्ली, त्यांना पण दिली, त्यांनी शेंगाची चटणी मागून घेतली. बोलता बोलता भाच्यानं विचारलं की हे गवत दिवाळीनंतर कोण पेटवतं, कारण लहानपणापासून आपण सगळ्यांनीच रात्री टेकड्यांवर लाल रेघा बघितल्यात आणि शहरात बऱ्याच लोकांना वाटतं की मेंढपाळच पेटवतात. मामा म्हणाले, "गवत म्हंजी आमचं बँकेतलं पैसं, ते आम्ही कशाला जाळू? जाळल्यावर कवळं फुटतं म्हणत्यात, पर आता पाऊस कुठाय, फुटंल कशानं?" मला हे एकदम पटलं. दिवाळीनंतर आपल्याकडं थेट जूनपर्यंत पावसाचा भरवसा नसतो. म्हणजे सात महिने तो उतार उघडा आणि काळा पडून राहणार, आणि मग पहिला वळवाचा पाऊस जोरात आला की वरची चार बोटं माती सुद्धा ओढ्यानं खाली. कुसळाचं जे बी रोज थोडं थोडं जमिनीत शिरत होतं ते वरच असतानाच जळून जातं. आणि त्या मेंढरांनी उन्हाळ्यात काय खायचं.

भाऊबीजेनंतर दुसऱ्या रविवारी मी एकटाच परत गेलो, म्हणजे गावातल्या एका ओळखीच्या पोराला घेऊन. ज्या खडकावर बसून आम्ही कुसळं काढली होती तो मला ओळखूच आला नाही, कारण आजूबाजूचं सगळं काळं. अर्धा उतार गेला होता. राख अजून मऊ होती, पाय टाकला की धूर उडावा तशी उडत होती. आणि त्या काळ्या राखेत जिकडं बघावं तिकडं पांढरे ठिपके. मी खाली बसून बघितलं तर गोगलगाईचे शंख होते, बोटाच्या पेराएवढे, शेकडो. हात लावला की चुरा व्हायचे. गवत होतं तोपर्यंत त्यातला एक पण आम्हाला दिसला नव्हता. एक सरडा दगडाला चिकटून तसाच जळलेला. भोवत्या एक पण नाही, नाकतोडा एक पण नाही, आवाजच नाही कसला.

कुणी पेटवलं ते मला माहीत नाही आणि मी कुणावर आळ घेणार नाही. देवळामागं तीन दगडांची चूल आणि रिकाम्या बाटल्या होत्या एवढं मात्र बघितलं. रात्री वर येऊन पार्टी करायची, शेकोटी पेटवायची आणि तशीच सोडून खाली जायचं, हे हल्ली वाढलंय हे गावातली माणसं सांगतात. कार्तिकातलं गवत म्हणजे कागद असतो, एक ठिणगी पुरते.

आणि मला वाटतं याचं मूळ त्या 'ओसाड' शब्दात आहे. जे ओसाड आहे ते जळलं तर कुणाला वाईट वाटत नाही. सरकारी कागदावर पण माळ म्हणजे पडीक जमीन अशीच नोंद होते, मग कुणी तिथं जेसीबी लावून चर खणतं, कुणी पावसाळ्यात एका दिवसात हजार रोपं लावून फोटो काढतं आणि ती रोपं उन्हाळ्यात मरतात. झाडं लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, मी स्वतः पूर्वी लावलीत. पण जिथं निसर्गानं गवत ठेवलंय तिथं गवतच असू द्यावं असं मला आता मनापासून वाटतं, कारण काळवीट, खोकड, लांडगा, चंडोल, माळढोक हे सगळे मोकळ्या गवताचे रहिवासी आहेत, दाट झाडी त्यांच्या कामाची नाही. आपल्या जिल्ह्याची खरी श्रीमंती ही आहे, आणि आपण तिला पडीक म्हणतोय.

तुमचा पेपर खेड्यापाड्यात, एस्टी स्टँडवर, चहाच्या टपरीवर वाचला जातो. दरवर्षी दिवाळीच्या आधी चार दिवस एक छोटी चौकट छापाल का, की डोंगरावर, माळावर आग लावू नका, शेकोटी केली तर पाणी ओतून, माती टाकून, हात लावून गार झाल्याची खात्री करूनच निघा, आणि आग दिसली तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे हे पण लिहा, पुष्कळ जणांना हे ठाऊकच नसतं. गावागावातल्या सरपंचांनी आणि देवळाच्या पुजाऱ्यांनी मनावर घेतलं तर अजून चांगलं, वर येणारा प्रत्येक माणूस देवळापाशी थांबतोच. आणि आमच्या त्या मामांसारख्या मेंढपाळांना कुणीतरी विचारा, कुठून आग लागते, कुठली वाट आधी पेटते, त्यांना सगळं माहीत असतं. त्यांना विचारायला अजून कुणी गेलेलं नाही असं ते म्हणाले.

भाचा पुण्याला परत गेलाय. जळल्याचं मी त्याला फोनवर सांगितलं तर थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "मामा, पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी आपण जाऊन चूल मोडून येऊ." पाच सहा मित्रांना घेऊन येतो म्हणाला.

सोबत दोन फोटो पाठवतोय, दोन्ही त्याच उताराचे आणि त्याच खडकावर उभं राहून काढलेले, एक दिवाळीच्या आधीचा, एक नंतरचा. जागा एकाच फोटोला असेल तर पहिला छापा, आणि त्याच्या खाली गवताचं नाव लिहा, कुसळी.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
सोलापूर